चकती जनावरांना घालू नये

वापरलेली चकती जनावरांना घालायची नाही, हे महानंदा बिराजदारनं कुंभारसांगवीत इतक्यांदा सांगितलं होतं की शेवटी शेवटी ती दिसली की शाळेतली पोरंच तिच्या आवाजात ओरडायची, “चकती जनावरांना घालू नयेऽऽ!” ग्रामसभेत सांगितलं, बचत गटात सांगितलं, पिठाच्या गिरणीसमोर उभ्या असलेल्या बायकांना सांगितलं. फिल्टरघराच्या भिंतीवर हातभर उंचीच्या अक्षरांत रंगवून घेतलं. आणि त्याच भिंतीखाली एके दिवशी सोपान हुडगेची शेळी चकती कुरतडताना सापडली. सोपान शेजारीच बसून तंबाखू मळत होता.

“सोपानभाऊ, वर काय लिहिलंय?”

“जनावरांना घालू नये.”

“मग?”

“मी कुठं घातली? तिनं घेतली.”

अशा वेळी महानंदाला वाटायचं की ही नोकरी सोडावी आणि कुठंतरी जाऊन नुसतं गप्प बसावं.

ती गावाची पाणीताई होती. सरकारी कागदावर ‘जलतंत्री’ असा शब्द होता, पण तो फक्त पगाराच्या चिठ्ठीवर. वय बेचाळीस, बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष राहिलेलं, आणि एकदा मनावर घेतलं की मागं न हटण्याची खोड. गावाच्या वरच्या अंगाला पूर्वी जुन्या बॅटऱ्या वितळवण्याचा कारखाना होता. तो बंद पडून अकरा वर्षं झाली, मालक कुठं गेला कुणाला ठाऊक नाही, पण त्यानं मागं ठेवलेलं शिसं जमिनीतून झिरपत झिरपत गावाच्या बोअरवेलपर्यंत पोचलं होतं. पाणी दिसायला काचेसारखं. चवीला गोड. आणि शाळेतल्या मुलांना पाढे पाठ होईनात, पोटं दुखायची, अंगात रक्त भरायचं नाही. कारण सापडायलाच चार वर्षं गेली.

मग पुण्याहून डॉ. यास्मिन तांबोळी आल्या. किरकोळ बांध्याच्या, भराभर बोलणाऱ्या बाई. त्यांनी मारुतीच्या पारावर एका परातीत सोयाबीनची पेंड आणून ठेवली, आणि शेजारी एक काळपट तपकिरी चकती. भाकरीएवढी, बोटभर जाड.

“ही चकती या पेंडीपासूनच केलीय,” त्या म्हणाल्या. “पेंडीत प्रथिनं असतात, हे तुम्ही मला सांगायला नको, मी तुम्हाला सांगायला नको. प्रथिन म्हणजे समजा लोकरीचा गुंडा. आम्ही तो आंबट पाण्यात कित्येक तास तापवतो. गुंडा उलगडतो आणि त्याचे तुकडे एकमेकांना चिकटून लांबच लांब धागे होतात. केसापेक्षा हजारपट बारीक. या धाग्यांना अंगभर हात असतात असं समजा. पाणी जातं, साखर जाते, हाडांना लागणारा चुना जातो. पण शिसं आलं की हे हात त्याला गच्च धरतात. थोडा कोळसा मिसळून थापलं की झाली चकती. प्लॅस्टिक नाही, वीज नावापुरती. तुमच्याच शेतातला माल आहे.”

तुमच्याच शेतातला माल. या तीन शब्दांनी पुढं किती घोळ घातला, ते त्या बिचाऱ्या बाईंना त्या दिवशी कळणं शक्यच नव्हतं. लोकांनी चकती हातात घेतली, नाकाला लावली, आणि गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “वास तर पेंडीचाच हाय की!”

फिल्टर मात्र नामी निघाला. सहा महिन्यांत पाण्यातलं शिसं जवळजवळ शून्यावर आलं, वर्षभरात मुलांच्या रक्तातलं निम्म्यावर. चोवीस चकत्या एका वेळी बसायच्या, तीन आठवड्यांनी त्या भरल्या की बदलायच्या. भरलेल्या चकत्या न्यायला जिल्ह्याहून गाडी यायची. तिकडं भट्टीत त्या जाळून राखेतलं शिसं वेगळं काढत. पहिल्या वर्षी गाडी दर महिन्याला आली. दुसऱ्या वर्षी ठेका संपला. नवा ठेका निघायचा होता. तो अठरा महिने निघायचाच होता.

महानंदानं तक्रार करायची म्हणजे ‘जलमित्र’ला करायची. जलमित्र म्हणजे फोनवर बोलणारं सरकारी यंत्र. आवाज मधाळ, मराठी शुद्ध.

“नमस्कार महानंदाताई. आपण कशा आहात?”

“फिल्टरघरामागच्या खोलीत सहाशे चकत्या साठल्यात. गाडी पाठवा.”

“आपली अडचण मी समजू शकतो. आपली तक्रार नोंदवली आहे.”

तीन दिवसांनी निरोप यायचा, ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. आपण समाधानी आहात का?’ नाही म्हटलं की नवी तक्रार नोंदवली जायची, आणि तिचंही तीन दिवसांत निराकरण व्हायचं. एकदा ती चिडून ओरडली, तेव्हा जलमित्र म्हणाला, “आपण तणावात वाटता. दीर्घ श्वास घेऊ या का?”

तिनं आपल्या परीनं सगळं करून पाहिलं. खोलीला कुलूप लावलं. पण खोली पत्र्याची, मागचा पत्रा कुणीही उचकटावा. चकत्या कडुनिंबाच्या काढ्यात बुडवून ठेवल्या, तर शेळ्यांना तो पाला आवडायचाच. शेवटी त्यांना निळा रंग फासला. आठवड्यानं एकजण विचारायला आला, “ताई, ती निळी औषधी पेंड आमाला पण मिळंल का? गाभण म्हशीला चांगली म्हणत्यात.”

त्या दिवशी ती घरी येऊन न जेवता पडून राहिली.

आणि मग जाऊबाईंच्या गोठ्यातून बोलावणं आलं.

प्रभावती ही तिची थोरली जाऊ. महानंदा तिला अक्का म्हणायची. थोरले दीर गेले तेव्हा अक्काकडं दोनच म्हशी होत्या. आज नऊ होत्या, आणि सगळं तिनं एकटीच्या मनगटावर उभं केलेलं. गावच्या अंगणवाडीला दूध तिच्याकडूनच जायचं. बोलायला फटकळ, पण महानंदाचं बाळंतपण तिनंच केलेलं, आणि महानंदा नोकरीला लागली तेव्हा सासऱ्यांशी भांडलेलीही तीच.

गोठ्यात चंद्री नावाची म्हैस खांबाला कपाळ लावून उभी होती. नुसती टेकून नव्हे, खांब ढकलून पाडायचा असल्यासारखी. दात करकरा वाजत होते. अक्कानं तिच्या डोळ्यांसमोर हात फिरवला. पापणी हलली नाही.

“कालपासनं दिसत नाही तिला,” अक्का म्हणाली. “पाण्याच्या टाकीला धडकली. कुणाची नजर लागली की काय.”

गुरांचे डॉक्टर भालके तिथंच होते. ते हात धूत म्हणाले, “अक्का, रागावू नका, पण हिच्या खाण्यात काय आलंय? रंगाचा डबा, जुनी बॅटरी, असलं काही चाटलंय का?”

महानंदाचं लक्ष तोवर गव्हाणीत गेलं होतं. आंबवणाच्या, म्हणजे भिजवलेल्या खुराकाच्या तळाशी बोटाएवढा एक निळा तुकडा होता.

“अक्का, हे काय?”

अक्कानं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर लपवाछपवी नव्हती, उलट थोडा वैतागच होता. “चकती. भिजत घातली की फुलती. दोन महिने झाले घालतीय, दिवसाला दोन. मागचा पत्रा उचलून आणते. पडून राहिल्यात तशाच, वाया चालल्यात. दूध वाढलं उलट! एकेकीमागं लिटरभर.”

“मी किती वेळा सांगितलं...”

“सांगितलंस. पण ती बाई काय म्हणाली? तुमच्याच शेतातला माल. आणि तू काय म्हणालीस? घाण धरून ठेवती, सोडत नाही. मग धरून ठेवू दे की पोटात! शेणातून जाईल.”

महानंदानं स्वतःच शंभरदा सांगितलं होतं, गच्च धरते, सोडत नाही.

तिनं गोठ्याबाहेर येऊन डॉ. तांबोळींना फोन लावला. सगळं सांगितलं.

“धागे पाण्यात सोडत नाहीत हो,” डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा नेहमीचा भराभर बोलणारा आवाज पार बसला होता. “पोट म्हणजे पाणी नव्हे. म्हशीच्या चौथ्या कप्प्यात आम्ल असतं. आम्लात ते हात सुटतात. शिवाय प्रथिन पचतं. पचण्यासाठीच असतं ते. धागे पचले की शिसं मोकळं. मग रक्त, हाडं, यकृत... आणि दूध. आम्ही पर्यावरणाचा सगळा विचार केला, महानंदाताई. प्लॅस्टिक नको, विघटन व्हायला पाहिजे, शेतकऱ्याला माहितीचं पाहिजे. ते कुणाला तरी खायला आवडेल, हे नाही आमच्या ध्यानात आलं.”

“वास घेतला असता तर आलं असतं,” महानंदा म्हणाली, आणि तिला लगेच स्वतःचाच राग आला. कारण वास तिनंही घेतला होता.

दुधाचा नमुना भालके डॉक्टरांनीच तपासायला नेला. दोन दिवसांनी निकाल आला. नऊपैकी सात म्हशींच्या दुधात शिसं होतं. बोअरवेलच्या पाण्यात पूर्वी होतं, त्याहून जास्त. अंगणवाडीत बेचाळीस मुलं होती.

ती बातमी सांगायला महानंदा आधी अक्काकडंच गेली. अक्का सुपात जोंधळे घेऊन निवडत बसली होती. शेजारी तिची अडीच वर्षांची नात रेवा भांड्यातलं दूध बोटानं चाटत होती. महानंदानं पुढं होऊन भांडं उचललं. पोर भोकाड पसरून रडायला लागली.

सगळं ऐकल्यावर अक्का म्हणाली, “आजपासनं चकती बंद. दूध पण बंद, अंगणवाडीला म्हशी आजारी हायत म्हणून सांगते. झालं? कुणाला बोलायची गरज नाही.”

“पोरांचं रक्त तपासायला पाहिजे, अक्का. औषध वेळेत मिळालं तर उतरतं. न सांगता कसं तपासणार?”

“तू सांगितलंस तर हा गोठा उठला. बिराजदाराच्या घरच्या दुधात विष असतं, असं नाव पडलं की दहा वर्षं जात नाही.” तिनं सूप बाजूला ढकललं. “मी जाणूनबुजून केलं का गं?”

“नाही.”

“मग?”

घरी नवऱ्याला सांगितलं, तर गुरुनाथ म्हणाला, “घरातलं घरात ठेव. वहिनीनं तुझ्यासाठी काय काय केलं ते विसरू नको.” सरपंचांना सांगितलं, तर त्यांनी वेगळाच मुद्दा काढला. “ताई, तुम्ही वर कळवलं की ते चौकशी करणार नाहीत, फिल्टर बंद करतील. तेच सोपं असतं. मग गाव पुन्हा बोअरवेलवर. बेचाळीस पोरांसाठी तुम्ही चौदाशे माणसांचं पाणी घालवणार?”

तिला तिघांचंही म्हणणं कळत होतं, हाच खरा त्रास होता. कुणी एकजण तरी मूर्ख असता तर बरं झालं असतं. सकाळी ती अंगणवाडीच्या दारात उभी राहिली. मुलं रांगेत बसून ‘आज दूध नाही?’ असं मदतनीसबाईंना विचारत होती. महानंदानं जलमित्रला फोन लावला नाही. ती सरळ तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांपुढं जाऊन बसली आणि सगळं सांगितलं. चकत्या कुठून गेल्या, कुणाच्या गोठ्यात गेल्या, किती दिवस. अक्काचं नावही सांगितलं.

आरोग्य खात्याची माणसं त्याच दुपारी आली, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. बेचाळीसपैकी अकरा मुलांच्या रक्तात शिसं वाढलेलं निघालं. सगळ्यात जास्त रेवाच्या. तिला घरचं दूध दिवसातून तीनदा मिळायचं.

अक्कानं तो कागद वाचला, घडी घातली, आणि महानंदाकडं न बघता आत गेली. त्या दिवसापासून ती महानंदाशी बोलेनाशी झाली.

आणि चौथ्या दिवशी जिल्ह्याच्या पाणी कार्यालयातून उपअभियंता कुलथे आले. स्वच्छ शर्ट, हातात पट्टी आणि लाख. त्यांनी चकत्यांची खोली बाहेरून पाहिली, नाकाला रुमाल लावला, आणि जाऊन फिल्टरघराच्या मुख्य झडपेला सील ठोकलं.

“साहेब, हे काय करताय?”

“फिल्टरच्या साहित्यातून विषबाधा झाली, असा अहवाल आहे. चौकशी होईपर्यंत यंत्रणा बंद.”

“विषबाधा भरलेल्या चकत्या खाल्ल्यानं झाली. पाण्यानं नाही. तुम्ही पाणी बंद केलं आणि चकत्या तशाच ठेवल्या!”

“चकत्या माझ्याकडे येत नाहीत. घनकचरा वेगळा विभाग आहे.”

“मग लोकांनी प्यायचं काय?”

“बोअरवेल आहे ना?”

महानंदानं त्यांच्याकडं पाहिलं. तिला वाटलं आपण आता हसू. “साहेब, त्या बोअरवेलमधे शिसं आहे. म्हणून तर फिल्टर बसवला.”

कुलथेंनी कागद चाळला. “बोअरवेलबद्दल यात काही नाही,” ते म्हणाले आणि गाडीत बसले.

त्या संध्याकाळी नळाला तेच जुनं, काचेसारखं, गोडसर पाणी आलं. सरपंच नुसते मान हलवत गेले. महानंदा ओट्यावर बसली होती. गुरुनाथ पाण्याचा तांब्या घेऊन आला, तिच्या पुढ्यात धरला, मग स्वतःच त्या पाण्याकडं बघत राहिला आणि अंगणात ओतून दिला.

“सकाळी ट्रॅक्टर आणू का?” तो म्हणाला.

“कशाला?”

“त्यांच्या चकत्या त्यांना देऊन येऊ.”

उरलेल्या पाचशे चकत्या भरायला सकाळचे तीन तास लागले. दोघांनी हातमोजे घालून, तोंडाला फडकी बांधून भरल्या. वर ताडपत्री टाकून घट्ट आवळली. जिल्ह्याच्या पाणी कार्यालयाचं आवार भाजी मंडईला लागून आहे. फाटक सदा उघडं. ट्रॅक्टर आत घेऊन त्यांनी तो बरोबर पायऱ्यांसमोर लावला, आणि महानंदा वर गेली.

कुलथेसाहेब म्हणाले, अर्ज करा. तिनं आणलेला अर्ज दिला. ते म्हणाले, हा घनकचरा विभागाचा. ती घनकचरा विभागात गेली. तिथले बाबू म्हणाले, ही चकती कचरा नाही, पाणी शुद्धीकरणाचं साहित्य आहे, कुलथेसाहेबांकडं जा. ती परत आली. कुलथेसाहेब जेवायला गेले होते. तासाभरानं आले आणि म्हणाले, घातक पदार्थ असेल तर प्रदूषणवाल्यांचं पत्र लागेल. तिनं विचारलं, ते कुठून मिळेल? ते म्हणाले, जलमित्रवर मागणी नोंदवा.

महानंदा उठली. खिडकीशी गेली आणि खाली वाकून म्हणाली, “अहो, ताडपत्री काढा.”

गुरुनाथनं ताडपत्री काढली. ऊन चांगलं तापलेलं होतं. अठरा महिने मुरलेल्या पेंडीचा आंबूस-गोड वास आवारात पसरला, फाटकाबाहेर गेला, मंडईत गेला.

पहिली एक तांबडी गाय आली. मंडईतल्या मोकाट गुरांपैकी असावी, गळ्यात तुटका कासरा. तिच्या मागून दोन. मग एक वळू, जुन्या कोटासारखा सैल कातडीचा, कुणाचीही पर्वा नसलेला. पाच मिनिटांत आवारात पंधरा-सोळा गुरं होती आणि फाटकातून येतच होती. गुरुनाथ ट्रॉलीवर उभा राहून काठी आपटत होता. महानंदा धावत खाली आली आणि दुसरी काठी घेऊन ट्रॉलीच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली. एकाही जनावराचं तोंड चकतीला लागू द्यायचं नाही, हे दोघांनी रस्त्यातच ठरवलं होतं.

“या साहेब!” ती वरच्या खिडक्यांकडं बघून ओरडली. “अठरा महिने मी हेच करतीय. आता जरा वेळ तुम्ही करा!”

वळूनं शिंग लावून ट्रॉलीचा फाळका वाजवला. घनकचऱ्याचे बाबू फाईल हलवत पायऱ्या उतरले. तांबड्या गायीनं ती फाईल हुंगली आणि कोपरा चावला. शिपाई झाडू घेऊन धावला. मंडईतली माणसं जमली, फोन काढून उभी राहिली. कुलथेसाहेब स्वच्छ शर्टानिशी एका वासराला दोन्ही हातांनी मागं ढकलत होते आणि ओरडत होते, “अरे खाईल, खाईल ते! कुणीतरी धरा, विष आहे ते!”

“हेच,” महानंदा काठी टेकून म्हणाली. तिला धाप लागली होती. “एवढंच सांगायचं होतं.”

पत्र लागलं नाही, मागणी नोंदवावी लागली नाही. तासाभरात दुसऱ्या कुठल्यातरी योजनेची झाकलेली गाडी आली आणि चकत्या घेऊन गेली. कुलथेसाहेबांनी सील काढण्याचा आदेश ट्रॅक्टरच्या बोनेटवर ठेवून लिहिला. त्यांच्या बाहीवर शेणाचा पट्टा होता. दर पंधरा दिवसांनी गाडी येईल, असंही लिहून दिलं. डॉ. तांबोळींनी त्यानंतर पेंडीच्या चकत्यांवर पत्र्याचं जाळीदार कवच बसवलं. चकती भरली की कवच बंद होतं आणि ते फोडायला हातोडा लागतो. महानंदानं त्यांना सांगितलं, “हातोडा आहे गावात.” त्यावर त्या काय करतात ते अजून कळलेलं नाही.

पण अक्काचं काय?

चंद्री मेली. आठ म्हशी औषधानं तगल्या, पण त्यांचं दूध निदान तीन महिने कुणाला द्यायचं नव्हतं. म्हैस काही हे ऐकून पान्हवायची थांबत नाही. एकदम धार बंद करावी तर कास सुजते, आणि भालके डॉक्टर म्हणाले, दुधावाटे शिसं थोडं तरी बाहेर पडतंय, काढत राहा. अक्का रोज दोन्ही वेळा आठ म्हशींच्या धारा काढायची आणि दूध पिंपात ओतायची. पिंपं भरत चालली. ते दूध टाकायचं कुठं? ओढ्यात नाही, उकिरड्यावर नाही, शेतात नाही. महानंदानं तीन कार्यालयांना विचारलं. एकानं कळवलं, दूध हा विषय त्यांच्याकडं येत नाही.

अक्का बोलत नव्हती, तरी महानंदा रोज संध्याकाळी गोठ्यात जायची आणि धारेला बसायची. अक्कानं तिला हाकलून दिलं नाही. एकदा नुसतीच दुसरी बादली पायानं तिच्याकडं सरकवली. तिला काही सांगायचं झालंच, तर ती म्हशीला सांगायची.

“गंगे, त्या बाईला म्हणावं हात कोरडे करून बस.” किंवा, “गंगे, रेवाचं आजचं रक्त बरं आलं म्हणावं. निम्मं उतरलंय.” आणि तेवढं बोलून ती बराच वेळ म्हशीच्या पोटाला डोकं टेकून बसली.

एका संध्याकाळी तिसरं पिंप भरलं तेव्हा ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “गंगे, हे दूध नासवून टाकू म्हणावं. चोथा एकीकडं, पाणी एकीकडं. एवढं पिंप कुणी नेणार नाही, गोळे नेतील.”

महानंदाचा हात थांबला. दुधातलं प्रथिन. ती तशीच उठून अंगणात गेली आणि डॉ. तांबोळींना फोन लावला. दूध नासवलं तर शिसं चोथ्यात जाईल का निवळीत?

पलीकडं त्या मोठ्यानं हसल्या, पहिल्यांदाच. “बहुतेक सगळं चोथ्यात! दुधातली प्रथिनं तेच करतात जे आमचे धागे करतात. लिंबाएवढ्या आंबटानं ते हात सुटत नाहीत, पोटातलं आम्ल त्याहून फार जहाल असतं. निवळी दोन नव्या चकत्यांतून जाऊ द्या, तपासू आपण. हे कुणाच्या डोक्यातून आलं?”

“आमच्या अक्काच्या,” महानंदा म्हणाली. मुद्दामच मोठ्यानं.

नमुने स्वच्छ आले. मग रोज संध्याकाळी गोठ्यामागं चूल पेटायला लागली. दोघी मोठ्या कढईत दूध तापवायच्या, लिंबाचं फूल टाकायच्या, फडक्यात चोथा बांधून वर दगड ठेवायच्या. पांढरेशुभ्र, मऊ, चौकोनी ठोकळे. कुणाच्याही तोंडाला पाणी सुटावं असे. ते निळे रंगवायचं दोघींनी, एक शब्दही न बोलता, टाळलं.

पंधरवड्याची गाडी ठरल्या दिवशी आली. ड्रायव्हर नवा होता, कुणी लांबच्या गावचा पोक्त माणूस. त्यानं चकत्यांची पेटी चढवली, मग गोठ्यामागं येऊन ठोकळ्यांची रास पाहिली आणि त्याचा चेहरा उजळला.

“अरे वा! पनीर? एवढं?” म्हणत त्यानं एका ठोकळ्याचा कोपरा बोटांनी मोडला आणि तोंडाकडं नेला.

“हात लावू नका!”

दोघी एकदमच ओरडल्या, एकाच आवाजात, एकाच दमात. ड्रायव्हरच्या हातून तुकडा खाली पडला. कोपऱ्यातली कोंबडी तिकडं धावली. अक्कानं कोंबडीवर चप्पल फेकली, महानंदानं तुकड्यावर बादली पालथी घातली. ड्रायव्हर दोघींकडं आळीपाळीनं बघत मागं सरकला.

अक्का कपाळावरचा घाम पदरानं पुसत तिथंच दगडावर बसली. “आता यांच्यावर पण लिही काहीतरी,” ती म्हणाली. “हातभर अक्षरात.”

महानंदानं आजूबाजूला पाहिलं. म्हैस जवळपास नव्हती.

“लिहिते,” ती म्हणाली. “कुणी वाचणार नाही, पण लिहिते.”

“मी वाचीन,” अक्का म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. “हात धू आणि आत ये. चहा ठेवते. बिनदुधाचा.”